छत्तीस पॉइंट पाच

आमच्या स्पोर्ट्स रूममध्ये दोन गोष्टींचा ढीग कायम पडलेला असतो. एक पंक्चर झालेल्या फुटबॉलचा आणि दुसरा किश्श्यांचा. फुटबॉल वर्षाअखेरीस स्टोअरवाला उचलून तरी नेतो. किस्से कुठे टाकणार? ते आपल्याबरोबर घरी येतात आणि पाहुण्यांसमोर आपोआप बाहेर पडतात!

मी ओमानमध्ये, सोहारच्या एका खासगी कॉलेजात स्पोर्ट्स कोऑर्डिनेटर आहे. गाव लांजा. भारतीय मंडळी मला सावंत सर म्हणतात आणि इथली पोरं 'कॅप्टन'. इथे कोच कोणीही असो, तो कॅप्टनच. शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे दुपारच्या जेवणानंतर आमच्याकडे चार मराठी घरं जमतात. पोर्टवरचे, स्टीलवाले, अ‍ॅल्युमिनियमवाले. चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "सावंत, तो करोनातल्या फुटबॉलचा सांगा ना!"

मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. फक्त माझी बायको वैशाली एका ठरावीक जागी उठते, रिकामे कप गोळा करते आणि आत जाते. त्या जागेनंतरचं मी कधी सांगत नाही. पाहुणे गेल्यावर मात्र मला जेवण जात नाही. आज सगळंच सांगून टाकतो.

* * *

आधी दाऊदभाई. हे आमच्या कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर. दापोलीकडचे, खाडीकाठच्या गावातले. वय अठ्ठावन्न, अंग काटकुळं, आणि शुगर चांगलीच. डॉक्टरने गोड बंद केल्यापासून ते खजुराला औषध म्हणायला लागले होते!

टीमला मैदानावर न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच त्यांचं काम. पण मॅच असली की लाइनवर सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. फुटबॉलचा एकही नियम त्यांना येत नव्हता. "ऑफसाइड म्हंजे काय तां मना कळत नाय," ते म्हणायचे, "पन आपल्यावर दिला म्हंजे चुकीचा दिला!"

करोनात कॉलेज काही महिने बंद राहिलं, मग तुकड्यातुकड्यांनी उघडलं. प्रॅक्टिकलवाली पोरं हॉस्टेलवर परत आली. आणि एक दिवस पत्र आलं. आंतर-कॉलेज फुटबॉल स्पर्धा घ्यायची की नाही, प्रत्येक कॉलेजने आपलं मत कळवावं. पोरं म्हणत होती, खेळायचंच, खोलीत बसून आम्हाला वेड लागेल. पालकांतले निम्मे हो म्हणत होते, निम्मे नको. आणि सगळीकडे कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होण्याचे दिवस होते. ज्या खात्यात काम नाही त्या खात्यात माणूस कशाला, असा विचार कॉलेजच्या मनात यायला कितीसा वेळ लागतो? फुटबॉल नाही तर सावंत कशाला?

दाऊदभाईंनी मला पार्किंगमध्ये गाठलं. "सर, एक इचारू? ह्या वर्साला नको म्हना. पोरांना काय नाय व्हनार, पोरं तरणी हायत. मना शुगर हाय. घरी सगळी रोज फोन करून रडतात. तुमी नको म्हनलात तर डीन ऐकतील."

"बघू या," मी म्हणालो, "इन्शाल्ला!"

दाऊदभाई पंचवीस वर्षं या देशात होते. कुठल्या सुरातल्या इन्शाल्लाचं पुढे काय होतं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"म्हंजे खेळनार," ते म्हणाले आणि बस पुसायला निघून गेले.

* * *

मीटिंग ऑनलाइन होती. डीन डॉ. सालिम, चार खातेप्रमुख, मी, आणि कॉलेजच्या क्लिनिकमधल्या नर्स शायनी सिस्टर. सिस्टर केरळच्या. डीननी त्यांनाच पहिल्यांदा विचारलं.

सिस्टर बोलायला लागल्या. बोटांवर मोजून एकेक मुद्दा. मध्येच चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बोलल्या. चांगली पाच मिनिटं. आणि त्यांचा माइक बंद!

डीन तेवढ्यात दुसऱ्या फोनवर होते. खातेप्रमुखांचे कॅमेरे बंद, ते कुठे होते कोणास ठाऊक. सिस्टरच्या नावाशेजारचा लाल माइक मला लख्ख दिसत होता. 'यू आर ऑन म्यूट' हे वाक्य त्या दिवसांत मी झोपेतसुद्धा बोलायचो. पण सिस्टरची मान ज्या तऱ्हेने आडवी हलत होती, ती पाहून माझी वाचाच बसली.

डीन फोन ठेवून परत आले. "थँक यू सिस्टर, व्हेरी क्लिअर! मिस्टर सावंत, तुमचं मत?"

"सर, सिस्टरनी सांगितलेली सगळी काळजी घेऊन खेळता येईल!"

सिस्टर तोंडाचा आ करून काहीतरी बोलल्या. माइक अजून बंदच होता. ठराव पास!

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. "सर, मैंने तो मना किया था! और खेलना ही है तो कम से कम बस की खिड़कियाँ खुली रखना, ये बोला था."

"मीटिंगचे मिनिट्स निघून गेले, सिस्टर," मी म्हणालो. "खलास!"

* * *

मग नियमावली. डीन म्हणाले, उद्या सकाळी टेबलावर पाहिजे. मला नियमावली कुठून येणार? आमचे शेजारी देसाई अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात सेफ्टीमध्ये आहेत. त्यांच्याकडून त्यांची करोना नियमावली मागून घेतली. चाळीस पानं, एकदम देखणी. कारखान्याचं नाव होतं तिथे कॉलेजचं घातलं, 'कामगार' होता तिथे 'खेळाडू', आणि दिली पाठवून. डीननी एक पान न उलटता सही केली. तेवढी माझी खात्री होतीच.

आमच्या टीमचा कर्णधार खालिद मात्र सगळं वाचणारा मुलगा. प्रॅक्टिसला प्रिंटआउट घेऊन हजर! "कॅप्टन, मैदानात हेल्मेट घालायचं, हे ठीक आहे. हेडर मारायला सोयीचं पडेल. सेफ्टी शूज घालून गोल बसणं कठीण, पण प्रयत्न करू. एकच विचारायचं होतं. 'भट्टीपासून दहा मीटर दूर राहावे' असं लिहिलंय. भट्टी कुठे आहे?"

मी कागदात तोंड खुपसून बसलो. दुपारचे चार वाजले होते, उन्हाळा अजून उतरला नव्हता, मैदानावरून वाफा निघत होत्या. बसच्या पायरीवरून दाऊदभाई ओरडले, "अरे, भट्टीतच तर उभा हायस तू!"

* * *

नियमात असं होतं की राखीव खेळाडूंनी एकमेकांपासून दोन मीटरवर बसायचं. मी चुना आणून बाजूच्या लाइनवर मोजूनमापून गोल आखले. एका गोलात एक पोरगा. चित्र काढावं असं सुंदर काम झालं होतं!

पोरं आली, गोलांकडे पाहिलं आणि सरळ झाडाखाली जाऊन बसली. मैदानाला झाड एकच, त्याची सावली चार चटयांएवढी, त्यात बारा पोरं. मी ओरडलो, शिट्टी मारली, एकेकाला हाताला धरून गोलात नेऊन बसवलं. पाणी प्यायला पाठ वळवली की सगळी परत झाडाखाली. एक जण म्हणाला, "कॅप्टन, करोनाने मरायला चौदा दिवस लागतात, या उन्हात चौदा मिनिटं पुरतील."

डीनना रोज फोटो पाठवायचा होता. शेवटी मी काय केलं? पोरांना गोलात नेण्याऐवजी गोलच झाडाखाली नेले! वीतभर अंतरावर बारा गोल. मग जमिनीवर आडवा झालो, मोबाइल तिरका धरला, आणि असा फोटो काढला की दोन पोरांमध्ये ट्रक जाईल असं वाटावं.

डीनचं उत्तर आलं, "एक्सलंट! मॉडेल अरेंजमेंट!"

खरं सांगतो, त्या दिवशी मला लाज वाटली नाही. उलट आपल्याला फोटोग्राफी बरी जमते असं वाटलं.

* * *

आता ताप मोजायची बंदूक. मैदानात शिरण्यापूर्वी प्रत्येकाच्या कपाळावर ती धरायची, साडेसदतीसच्या वर गेला तर परत पाठवायचा, रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. नियम सोपा. पहिल्या दिवशी खालिदचा आकडा अडतीस पॉइंट नऊ! गोलकीपरचा एकोणचाळीस पॉइंट दोन! मी घाबरून स्वतःच्या कपाळावर धरली, एकोणचाळीस! मैदानाच्या फाटकावर धरली तर त्यालाही ताप!

ऊनच तसं होतं. कपाळ तापणार नाही तर काय होणार? पण रजिस्टरमध्ये 'ऊन' असा रकाना नव्हता. या हिशेबाने आमची अख्खी टीम, कोच आणि फाटक धरून, हॉस्पिटलात जायला हवी होती.

मग माझं डोकं चाललं. पोरांना मैदानावर उतरवायचंच नाही. बसमध्येच ठेवायचं. एसी फुल, सगळ्या काचा घट्ट बंद, पंधरा मिनिटं. मग एकेकाला दारात बोलवायचं आणि कपाळ गार असतानाच बंदूक धरायची. छत्तीस पॉइंट पाच! पुढचा, छत्तीस पॉइंट पाच! तेवीसच्या तेवीस पोरं बर्फासारखी नॉर्मल! मी त्याच संध्याकाळी देसाईंना फोन करून ही युक्ती फुशारकीने सांगितली.

पोरं आत बसून गाणी म्हणायची, डबे उघडायची, मास्क हनुवटीला. एसी चालू ठेवायचा तर इंजिन चालू हवं, आणि इंजिन चालू असताना ड्रायव्हरने सीट सोडायची नाही असा बस कंपनीचा नियम. म्हणजे दाऊदभाई आतच. रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस.

"सर, काच जरा सरकवू?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"नको, थंडावा जाईल. रीडिंग वाढेल."

"बोटभर?"

"दाऊदभाई!"

त्यांनी मास्कवर आणखी एक रुमाल बांधला, आणि तोंड आपल्या बाजूच्या काचेला लावून बसले. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. करोना पसरू नये म्हणून करोना पसरायची एवढी पक्की सोय अख्ख्या सोहारमध्ये दुसऱ्या कोणी केली नसेल!

लोक इथे सगळ्यात जास्त हसतात. वैशाली कप उचलते ती इथेच.

* * *

पुढे पुढे तर मला बंदुकीचाही कंटाळा आला. आकडा ठरलेलाच, मग रोज मोजायचं कशाला? काचा बंद करून बसायचं मात्र तसंच चालू राहिलं, पोरांना एसीची सवय झाली होती. मी रजिस्टर घरी आणायला लागलो. रात्रीच्या जेवणाआधी डायनिंग टेबलावर बसून दुसऱ्या दिवशीचे आकडे भरून टाकायचे. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून मध्येच एखादा छत्तीस पॉइंट तीन, एखादा छत्तीस पॉइंट सात.

आमची ईरा तेव्हा सहावीत. तिची शाळा ऑनलाइन, ती माझ्यासमोर बसून गणितं सोडवत होती. इथल्या शाळेतली पोरं आपसात इंग्लिशच बोलतात, त्यामुळे तिचं मराठी अडखळत चालतं. तिने माझ्या रजिस्टरात डोकावून तारीख वाचली.

"बाबा, हे टुमॉरोचं आहे ना?"

"हो."

"मग त्यांचं उद्याचं टेंपरेचर तुम्हाला आज कसं माहीत?"

वैशाली पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. मी म्हणालो, "अगं, अंदाज असतो बाबाला."

ईराने जरा विचार केला. "आमच्या टीचर म्हणतात, आन्सर आधी लिहून मग सम केलं तर त्याला चीटिंग म्हणतात. पण तुम्ही तर समच नाही केलं. मग त्याला काय म्हणतात?"

मी तिला म्हटलं, तू तुझा अभ्यास कर. मोठ्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही की तो हेच म्हणतो.

* * *

मॅचचा दिवस उजाडला. प्रेक्षकांना बंदी. म्हणून सगळे प्रेक्षक गाड्या घेऊन आले! काका, मामा, भाऊ, शेजारी. मैदानाच्या कुंपणाभोवती गाड्यांची रांग, बोनेट आमच्याकडे. चांगला पास दिला की एक हॉर्न, गोल हुकला की लांबलचक हॉर्न. गाडीच्या आत बसलेला माणूस प्रेक्षक धरायचा की नाही, हे देसाईंच्या नियमावलीत नव्हतं.

समोरच्या कॉलेजची टीम नऊच जणांची आली. दोघं पॉझिटिव्ह निघाले होते. दोघांबरोबर एकाच खोलीत राहणारे चौघं मात्र खेळायला आले होते! डीननी मला बाजूला घेतलं. "मिस्टर सावंत, खेळायचं? तुम्ही म्हणाल तसं."

ही दुसरी वेळ होती. दुसऱ्यांदा कोणीतरी माझ्या हातात 'नको' हा शब्द आणून ठेवला होता.

"यल्ला, खेळू या," मी म्हणालो.

शेवटच्या मिनिटाला खालिदने गोल मारला. पन्नास गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि मीही धावत जाऊन खालिदला मिठी मारली. मास्क माझ्या कानाला लटकत होता. कॉलेजच्या पेजवर तोच फोटो आला. मागे बोर्ड, बोर्डवर माझ्याच अक्षरात 'अंतर राखा', आणि खाली मी, कर्णधाराच्या गळ्यात!

गंमत अशी की एक आवाज त्या गोंधळात नव्हता. मी वळून पाहिलं. दाऊदभाई बसमध्येच होते. मी दार उघडून म्हणालो, "दाऊदभाई, जिंकलो!"

ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. एसी बंद, सगळ्या काचा उघड्या, बाहेर तसं ऊन, आणि ते थरथरत होते.

"सर," ते म्हणाले, "थंडी लय वाजते."

त्यांचं कपाळ पाहायला मी खिशातली बंदूक काढली नाही. हात लावला. हाताला चटका बसला.

* * *

शायनी सिस्टरनी त्यांना हॉस्पिटलात पोचवलं. मी मागून माझ्या गाडीने गेलो, पण आत सोडत नव्हते. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन लागला. त्याच दुपारी मला फोन आला. संपर्कात कोण कोण आलं याची चौकशी करणारी आरोग्य खात्यातली एक बाई. इंग्लिशमध्ये बोलत होती. दाऊदभाईंना इंग्लिश येत नाही, आणि अरबी येते ती रस्त्यापुरती आणि बाजारापुरती. त्यात दम लागत होता. दुभाषा म्हणून त्यांनी माझं नाव सांगितलं होतं. दुसरं कोणाचं सांगणार?

तिघं एका लाइनवर. बाई विचारायची, मी मराठीत सांगायचो, दाऊदभाई उत्तर द्यायचे, मी इंग्लिशमध्ये सांगायचो. नाव, गाव, वय. शुगर किती वर्षं. गेल्या दोन आठवड्यांत कुठे कुठे गेलात.

मग बाईने विचारलं, बसमध्ये गर्दी असायची का, आणि खिडक्या उघड्या असायच्या का?

मी म्हणालो, "दाऊदभाई, बाई विचारतायत... बसच्या काचा उघड्या असायच्या का?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. भाता चालावा तसा. माझं कॉन्ट्रॅक्ट त्या आठवड्यात सहीला गेलं होतं, तेच मला आठवत होतं. दुसरं काही आठवत नव्हतं. खोटं कशाला सांगू?

"सर," दाऊदभाई म्हणाले, "तुमी सांगाल तसा."

"ही सेज," मी त्या बाईला म्हणालो, "यस, ओपन."

बाईने थँक यू म्हणून फोन ठेवला. लाइनवर आम्ही दोघंच उरलो. दाऊदभाई म्हणाले, "ओपन म्हंजे उघडी ना? तेवढा मना येतो, सर."

* * *

ते एकोणीस दिवस हॉस्पिटलात होते. मी रोज नमाजाच्या वेळा टाळून त्यांच्या घरी फोन करायचो. त्यांची बायको मला धीर द्यायची! "तुमी हायत ना सर तिकडं, मंग काळजी नाय," ती म्हणायची. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो, म्हणजे बाहेर वैशालीला ऐकू जाऊ नये.

दाऊदभाई वाचले. पण फुप्फुसं कमजोर झाली. बस चालवायची नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

इकडे स्पर्धेचा अहवाल तयार झाला. डीननी मला वाचायला दिला. 'कॉलेजमध्ये करोनाबाधितांची संख्या: शून्य.'

"सर, आणि ड्रायव्हर?" मी विचारलं. एवढं तरी विचारलं.

"ड्रायव्हर ट्रान्स्पोर्ट कंपनीचा माणूस आहे, मिस्टर सावंत. तो त्यांच्या अहवालात येईल."

मी ट्रान्स्पोर्ट कंपनीला फोन लावला. तिथला मॅनेजर गुजराती, मोठा गोड माणूस. "सावंतभाई, वो तो कॉलेज में ड्यूटी पे था ना? तो कॉलेज के रिपोर्ट में आएगा. हमारे यहाँ तो सब ठीक है, ज़ीरो केस!"

म्हणजे दाऊदभाई दोन्हीकडे ठणठणीत होते. फक्त हॉस्पिटलात आजारी होते!

सगळं खरं लिहून डीनना एक मेल मी तयार केला. बंद काचा, रजिस्टर, फोन, सगळं. तीन वेळा वाचला, व्याकरण सुधारलं. तो अजून ड्राफ्टमध्ये आहे. माझं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढलं.

* * *

कॉलेजने मला सर्टिफिकेट दिलं. सोनेरी चौकट, वर शिक्का, खाली डीनची सही. ऑफिसबॉयने माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे भिंतीवर ठोकून टाकलं. मी काढ म्हटलं नाही.

गावी परत जायच्या आदल्या आठवड्यात दाऊदभाई निरोप घ्यायला आले. माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. एक जिना चढून आले आणि खुर्चीत बसल्यावर कितीतरी वेळ त्यांना बोलता येईना. मी पाणी दिलं. त्यांनी घोट घोट प्यायलं. खालिदने गळ्यात शाल घातली, पोरांनी खजुरांची पेटी दिली, आता ही पेटी बायको लपवून ठेवणार, असं सगळं सांगत बसले. हसले. हसताना खोकला आला.

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "ह्यो काय मिळाला, सर? नवीन हाय."

"सर्टिफिकेट."

"लिवलाय काय त्याच्यात?"

इंग्लिशमधलं मराठीत सांगायचं काम होतं. मी त्यांचा दुभाषा. काहीही सांगू शकलो असतो. स्पर्धा जिंकल्याचं आहे म्हटलं असतं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्या दिवशी माझ्याच्याने ते झालं नाही. मी उठलो, भिंतीकडे तोंड केलं आणि एकेक ओळ वाचत मराठीत सांगितली.

"श्री. सावंत यांनी घेतलेल्या काळजीमुळे... फुटबॉल स्पर्धेच्या संपूर्ण काळात... आपल्या कॉलेजचं एकही माणूस... आजारी पडलं नाही."

मला वळायचं धाडस होत नव्हतं. शेवटी वळलो.

दाऊदभाई चौकटीकडे बघत होते. त्यांनी एक मोठा श्वास घ्यायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यातच तुटला. मग उजवा हात छातीवर ठेवला.

"एक पन नाय?" ते म्हणाले. "अल्लाचा शुकुर!"